माझा आरएसआय चार्टशी का जुळेना

जे. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ साली मांडलेला आरएसआय (शेअरच्या भावातली वाढ-घसरण किती जोरदार आहे हे शून्य ते शंभरात सांगणारा निर्देशांक) पायथॉनमध्ये लिहायला बसलो, तेव्हा अर्ध्या तासात काम उरकेल अशी माझी समजूत होती. भाववाढीच्या सरासरीला घसरणीच्या सरासरीने भागायचे, भागाकारात एक मिळवायचा, त्याने शंभरला भागायचे आणि येईल ते शंभरातून वजा करायचे, एवढेच तर सूत्र आहे. प्रोग्राम बिनतक्रार चालला. पण ब्रोकरच्या चार्टवर ५८ दिसत असताना माझ्याकडे ६३ येत होते.

घोळ ‘सरासरी’ या शब्दात होता. पांडाज या पायथॉनच्या डेटा-लायब्ररीतल्या ईडब्ल्यूएमला (ताज्या दिवसांना जास्त वजन देणारी सरासरी काढणाऱ्या फंक्शनला) मी स्पॅन, म्हणजे मुदत, १४ दिला होता, त्यामुळे ताज्या दिवसाला २/१५ वजन मिळत होते. वाइल्डर पहिल्या चौदा बदलांची साधी सरासरी काढतात आणि पुढे रोज आदल्या दिवसाच्या सरासरीला १३ ने गुणून, त्यात आजचा बदल मिळवून १४ ने भागतात. म्हणजे वजन १/१४, जे नेहमीच्या हिशेबात २७ दिवसांच्या ईएमएचे (अशाच भारित सरासरीचे) असते. शिवाय त्या पहिल्या सरासरीचा प्रभाव आणखी चौदा दिवसांनंतरही सुमारे ३५ टक्के उरतो, म्हणून तीन महिन्यांचा डेटा घेऊन सुरुवातीचेच आकडे पडताळणे व्यर्थ आहे. (घसरण शून्य असेल तर शून्याने भागाकार होतो, तिथे थेट १०० लिहावे.)

हे सुधारल्यावर रिलायन्सचा आरएसआय २८ ऑक्टोबर २०२४ रोजी एकाएकी दहाच्या खाली कोसळलेला दिसला. बाजारात तसे काहीच घडले नव्हते. त्या दिवसापासून शेअर १:१ बोनसविना (प्रत्येक शेअरमागे एक मोफत शेअर मिळण्याचा हक्क वगळून, म्हणून साधारण निम्म्या भावाने) व्यवहारात आला होता आणि एनएसईच्या भावकॉपीत (शेअर बाजाराच्या रोजच्या भावांच्या फाइलीत) जुने भाव जसेच्या तसे राहतात. सुमारे २,६५० चा भाव १,३३० च्या आसपास आला, तर प्रोग्रामला ती एका दिवसातली १,३२० रुपयांची घसरण वाटते आणि घसरणीची सरासरी एकदम ९४ रुपयांनी फुगते. बोनसआधीचे सगळे भाव निम्मे केले, तेव्हा कुठे रेघ ताळ्यावर आली. बोनस आणि स्प्लिटची (एका शेअरचे अनेक भाग करण्याची) तारीखवार फाइल आता मी हातानेच भरतो, कारण या कामात मला तयार यादीपेक्षा कंपनीने शेअर बाजाराला दिलेली सूचना भरवशाची वाटते.

१ नोव्हेंबरचे दिवाळीच्या मुहूर्ताचे सौदे तासाभराचेच होते, पण भावकॉपीत तो पूर्ण दिवस म्हणून येतो. ब्रोकरच्या चार्टवरही तो मोजलेला असल्यामुळे मी तो वगळलेला नाही.