गेम मास्टरही आणि खेळाडूही

आम्ही टेबलाभोवती बसून रोलप्लेइंग खेळ खेळतो: प्रत्येक खेळाडू एक पात्र रंगवतो आणि गेम मास्टर कथा व बाकीचे जग चालवतो. आमच्या गटात गेम मास्टरची जबाबदारी दोघांकडे आहे आणि त्यांपैकी एक मी आहे. एक मोहीम मी चालवते. ती संपली की माझी जादूगार घेऊन मी खेळाडूंमध्ये जाऊन बसते आणि पुढची मोहीम माझा सहकारी चालवतो. जग तेच, पात्रेही तीच. अशाने कॅम्पेनचा, म्हणजे अनेक मोहिमांमधून चालणाऱ्या सलग कथेचा, विचका होतो असे अनेकांचे मत आहे, परंतु ही पद्धत या खेळाइतकीच जुनी आहे.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा या प्रकारचा पहिला प्रकाशित खेळ. तो १९७४ मध्ये प्रसिद्ध होण्याआधीपासूनच त्याच्या निर्मात्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, हे अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या गावी, ग्रेहॉक या आपल्या काल्पनिक जगातला खेळ चालवत असत. पुढे त्यांनी रॉब कुंत्झ या तरुण खेळाडूला सह-डन्जन मास्टर (त्या खेळात गेम मास्टरचे हेच नाव) करून घेतले. त्यामुळेच खुद्द गायगॅक्स यांना मॉर्डेनकाइनेन हा जादूगार घेऊन खेळाडू म्हणून खेळता आले. ज्याने खेळ रचला त्यालाही पुढच्या दाराआड काय आहे हे ठाऊक नसावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

१९८७ मध्ये आलेल्या आर्स मॅजिका या खेळाने तर हीच रीत नियमांत बसवली. त्यात कथा चालवण्याची जबाबदारी आळीपाळीने घेता येते आणि ज्याची पाळी असेल, त्याच्या जादूगाराला तो ऋतू प्रयोगशाळेतील अभ्यासात घालवता येतो. या तोडग्याचे मला विशेष कौतुक वाटते, कारण गेम मास्टरचे स्वतःचे पात्र त्याच्याच मोहिमेत वावरू लागले की कोडे घालणारा आणि सोडवणारा एकच होतो आणि बाकीचे खेळाडू नुसते बघत राहतात. म्हणून मी गेम मास्टर असताना माझी जादूगार मठाच्या ग्रंथालयात असते. तिला अनुभवाचे गुण इतरांइतकेच मिळतात, खजिन्यातला वाटा मात्र मिळत नाही.

खरी कसोटी रहस्यांची असते. आम्ही वाटणी केली ती सेशननुसार नव्हे, तर प्रदेशानुसार: नदीच्या उत्तरेचा मुलूख माझा, दक्षिणेकडचे बंदर त्याचे. काय घडून गेले याची नोंद सामाईक वहीत होते. काय घडणार आहे हे ज्याचे त्याच्या वहीत राहते. माझ्या मुलखातले, मी गेम मास्टर म्हणून रंगवलेले एखादे पात्र त्याच्या मोहिमेत येणार असेल, तर तो मला आधी एकच प्रश्न विचारतो: याला हवे काय आहे? माझ्या खाणावळवालीबद्दल त्याने असे विचारले, तेव्हा तिला आपला परागंदा भाऊ परत हवा आहे, एवढेच मी सांगितले. त्याने तिला माझ्यापेक्षा कठोर केले, भावाच्या बदल्यात आमच्या गटाची माहिती विकायला लावली, आणि माझ्या पुढच्या मोहिमेत मी तिला तशीच पुढे नेली, कारण सहकाऱ्याने टेबलावर घडवलेले आपल्या वहीसाठी पुसून टाकायचे नाही, हे पथ्य मी काटेकोरपणे पाळते.

येत्या मोहिमेत आम्ही त्या बंदरात उतरणार आहोत, आणि तिथल्या राजाचा खून कोणी केला हे मला खरोखरच ठाऊक नाही.