सात महिन्यांनी सायकलवर

आज सकाळी रंकाळ्यावर सायकल चालवली! पन्हाळ्याहून येताना वाघबीळच्या उतारावर पडलो, एल-१ मणका (कमरेचा पहिला) चेपला. मज्जारज्जू साधारण त्याच सुमारास संपतो, म्हणून त्याला इजा झाली नाही ना हे बघायला डॉक्टर सारखं पायाची बोटं हलवायला सांगत होते. हलली, तेव्हा आई ढसाढसा रडली. पाठीच्या आधाराच्या पट्ट्यातले दिवस आठवायलाही नकोत.

डावा तळवा अजून बधिर आहे. पाय पेडलवर आहे की सुटलाय, हे खाली बघितल्याशिवाय कळत नाही. तरी संध्यामठापासून शालिनी पॅलेसपर्यंत गेलो. बाबा शेजारून चालत होते, हात सीटपासून वीतभर लांब, पण धरली नाही. त्याबद्दल बाबांचे किती आभार मानू! उतरलो तेव्हा माझे पाय थरथरत होते आणि बाबा रुमालानं कोरडी सीट पुसत होते.