युक्तीलाही हवापाणी लागतं

मोबाइल पाण्यात पडला की तांदळात पुरायचा, हा उपाय आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ आहे. भंडारा-गोंदियाकडचं समजू शकतो, तो धानाचाच मुलूख. आम्ही वर्धेकडचे, कापूस-तुरीवाले. इथे फोन भिजला की आधी दुकानातून तांदूळ आणायची धावाधाव. २०२४ मध्ये अ‍ॅपल कंपनीनेच सांगून टाकलं की फोन तांदळात ठेवू नका, तांदळाचे बारीक कण आत शिरून आणखी बिघाड होऊ शकतो. चार्जिंगचं तोंड खाली धरून हातावर हलकेच आपटायचं, वारा लागेल अशा जागी ठेवायचं आणि पुरता वाळल्याशिवाय चार्जर लावायचा नाही, बस. काकूला हे वाचून दाखवलं तर तिला वेगळीच काळजी. “मंग त्या तांदळाचं काय केलं लोकायनं? शिजवून खाल्ला का?”

हल्ली युक्त्यांना तोटा नाही. सकाळी चहा होईस्तोवर फोनवर चार येऊन पडतात. सगळ्यांत बेकिंग सोडा नाहीतर व्हिनेगर असतंच, आणि व्हिनेगर आमच्या गावच्या किराणा दुकानात मागितलं तर दुकानदार आधी आपल्या तोंडाकडे बघतो. माझी तक्रार मात्र त्याबद्दल नाही. पूर्वी युक्ती सांगणारी बाई आपल्या चुलीपुढे बसून सांगायची. आपली विहीर, आपलं भांडं, आपल्या घराचं तोंड कुठल्या दिशेला, हे सगळं तिला ठाऊक असायचं. फोनमधला माणूस विचारत नाही, की बाबा, तुमच्याकडे पाणी कसं, हवा कशी?

कूलरचंच घ्या. पत्र्याचा डबा, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, आत पंखा आणि खाली पाण्याचा छोटा पंप. आमचा उन्हाळा या डब्याच्या जिवावर निघतो. एका व्हिडिओत एक गृहस्थ सांगत होते, खोली लवकर थंड व्हावी म्हणून दारं-खिडक्या घट्ट लावून घ्या. एसीला ते बरोबर आहे. कूलरला असं केलं की तासाभरात अंथरूण ओलसर, अंग चिकट आणि माणूस वैतागलेला. कूलर हवा थंड करतो ते पाण्याची वाफ करून. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेतं. ती दमट हवा बाहेर पडलीच नाही तर पुढचं पाणी वाफ होणार कुठे? म्हणून काकू कूलरसमोरच्या भिंतीतलं दार चार बोटं उघडं ठेवते आणि मध्ये बिडाचा जुना खलबत्ता अडकवते. “आत येणाऱ्या हवेले बाहेर जायाले वाट पायजे ना,” एवढंच तिचं विज्ञान, आणि ते पुरेसं आहे.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा हवा इतकी कोरडी असते की अंगणात टाकलेला दुपट्टा घरात येऊन पाणी पिईस्तोवर वाळतो. तेव्हा हाच कूलर अंगावर चादर घ्यायला लावतो. मृगाचे दोन पाऊस पडले की मात्र त्यात राम राहत नाही. मग काकू पंप बंद करून नुसता पंखा चालवते. मुंबईचे पाहुणे आमच्या कूलरचं कौतुक करतात आणि तिकडे नेला तर चालेल का विचारतात. त्यांना मी नको म्हणतो.

आता यात आमच्या बोरचं पाणी. वाफ होतं ते पाणी, क्षार खालीच राहतात. रोज वरून बादली ओतत राहिलं की टाकीतलं पाणी दिवसेंदिवस अधिक खारट होतं आणि गवतावर पांढरी खपली धरते, मग हवा शिरत नाही. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कडा काथ्याने घासायच्या. घासायच्या हे महत्त्वाचं, कारण डेंग्यूचा डास पाण्याच्या वर, कडेला अंडी चिकटवतो आणि ती कोरड्यातही तग धरतात. आणि पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद करून भागत नाही, पिनच काढायची. ओली फरशी, अनवाणी पाय आणि गंजलेला पत्रा यांचं एकत्र येणं चांगलं नाही.

तुरीच्या वरणाचंही तसंच. “डाळ भिजवायची गरज नाही,” असं सांगणारीच्या नळाला बहुतेक गोडं पाणी येत असावं. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला, म्हणजे दाणा बांधून ठेवणाऱ्या घटकाला, घट्ट करून ठेवतं, मग शिट्ट्यांवर शिट्ट्या घ्या, दाणा बोटाला लागतोच. आमच्याकडे डाळ भिजवतात, अगदी अडलं तर चिमूटभर खायचा सोडा. तेलाचे दोन थेंब मात्र सगळीकडे चालतात, फेस कमी होतो आणि शिट्टीत डाळ अडकत नाही.

फोन गरम होण्याचा उपाय म्हणून तो फ्रिजमध्ये ठेवायला सांगणारेही आहेत. एवढ्या उन्हातून थेट थंडीत गेला आणि परत बाहेर आला की आत पाणी सुटायची भीती. आयफोन वापरायला ३५ अंशांपर्यंतची हवा ठीक, असं अ‍ॅपल सांगते. आमच्याकडे एवढं कमी तर पंख्याखालीही नसतं. काका शेतात गेला की फोन भाकरीच्या फडक्यात, डब्याशेजारी, कडुनिंबाच्या सावलीत ठेवतो. भर दुपारी चार्जिंगला लावत नाही, लावलाच तर जाडं कव्हर काढून. बॅटरीला उन्हाइतकं वाईट काही नाही. काका स्वतःच्या खिशात कांदा ठेवतो, ऊन लागू नये म्हणून. कांद्याबद्दल मी बोलत नाही, पण खिशात कांदा ठेवणारा माणूस डोक्याला दुपट्टा आणि सोबत पाण्याची बाटली कधी विसरत नाही, हे पाहिलं आहे.

काही युक्त्यांना हवापाण्याशी देणंघेणं नसतं. पैसे आपल्याला येणार असतील तर यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही, हे मुंबईत खरं आणि आमच्या गावातही. फसवलं गेलंच तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला, फोन. तिसरी गोष्ट, स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की फोनचा पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्याची स्वतःची ओळख, दिसतो. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार करून, संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तो नंबर देऊन फोन बंद पाडता येतो. पण नंबर फोनमध्येच ठेवला तर काय उपयोग? काकूने तो कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिला. काका म्हणाला, कॅलेंडर डिसेंबरात रद्दीत जाईल. मग तिने कोठीच्या दाराच्या आतल्या बाजूला, तुरीच्या पोत्यांच्या आकड्यांखाली, निळ्या ऑइलपेंटने लिहिला. एक आकडा दाराच्या कडीखाली गेला आहे, तो कडी उचलून वाचावा लागतो.