कुंकवाखाली दडलेला बार

शस्त्रांच्या जतनाचे काम मी एकोणीस वर्षे करते आहे. गंजलेल्या तलवारी, मूठ निखळलेल्या कट्यारी, दस्ता वाळवीने खाल्लेल्या बंदुका असे बरेच काही या काळात माझ्या टेबलावर येऊन गेले. पण भरलेली बंदूक अष्टमीच्या त्या दिवसापर्यंत माझ्या हातात कधी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका पाटलांच्या वाड्यातील जुनी बंदूक संग्रहालयाला देण्याचे घरच्यांनी ठरवले होते आणि तसे पोलीस ठाण्याला रीतसर कळवलेही होते. तिची तपासणी करायला मी आणि जिल्हा पोलीस दलातील एक अनुभवी आर्मोरर, म्हणजे शस्त्रे तपासणारे हवालदार असे दोघे सकाळीच तिथे पोहोचलो.

बंदूक ओसरीत, देवघराच्या दारावरच्या दोन लाकडी खुंट्यांवर आडवी ठेवलेली होती. बरोबर तिच्याखाली घरातले लहान मूल झोळीत निजले होते. हे दृश्य मी पुढे अनेक रात्री पाहिले आहे.

घरातले ज्येष्ठ आबा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. हवालदारांनी बंदुकीला हात लावण्यापूर्वी विचारले, "आबा, भरलेली तर नाही ना?" आबा ठामपणे म्हणाले, "अहो, रिकामीच हाये ती. माझ्या आज्यानंतर तिच्यात कुणी दारू घातली नाही." त्यांचे ते वाक्य अक्षरशः खरे होते, हे आम्हाला दुपारी समजले.

बंदूक खाली घेतली तेव्हा ती चकमकीची आहे, हे लगेच लक्षात आले. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत बहुधा तोड्याच्या बंदुका सापडतात. त्यांत जळती वात घोड्याच्या चिमटीत धरून रंजकीला, म्हणजे बार पेटवणाऱ्या बारीक दारूला, लावावी लागते. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात चामड्याच्या पट्टीत आवळलेला दगड असतो. चाप ओढला की तो समोरच्या उभ्या पोलादी पट्टीवर घासत खाली येतो, पट्टी पुढे उलटून तिच्याखालचा प्याला उघडा पडतो, ठिणग्या प्याल्यातल्या रंजकीवर पडतात आणि तिची ज्वाळा नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक भोकातून, आतल्या दारूपर्यंत पोहोचते. हे सारे डोळ्याचे पाते लवेपर्यंत होत असले, तरी रंजक पेटणे आणि बार होणे यांत जाणवण्याइतके अंतर राहते. त्या तेवढ्या क्षणात डोळ्यांसमोर भडका उडालेला असताना नेम न हलवणे हेच या बंदुकीच्या शिकाऱ्याचे खरे कसब होते.

या बंदुकीच्या जबड्यातला दगड विलायती नव्हता. आमच्या दख्खनच्या काळ्या खडकात जागोजागी सापडणाऱ्या गारगोटीचा तो तुकडा होता आणि त्याची धार कुणीतरी हाताने, टवके काढून साधली होती. नळीच्या तोंडातून बॅटरीचा उजेड टाकला तेव्हा आत पिळाच्या सात चरी दिसल्या. नळीची लांबी, तोंडाचा जवळपास १६ मिलिमीटर व्यास आणि त्या सात चरी पाहता ब्रिटिश फौजेत १८०० पासून आलेल्या बेकर रायफलीशी तिची घडण मिळतीजुळती होती. मात्र कारखान्याचा छाप कुठेच नव्हता आणि दस्ता उघडच इकडच्या सुताराने नव्याने बसवून पितळी तारेने बांधलेला होता. कोणत्याही नळीची तपासणी मी गजाने सुरू करते. बाहेरून तोंडापासून कानापर्यंत माप घेतले, ते ७५ सेंटिमीटर भरले. मग नळीच्या तोंडापासून बाजूला उभे राहून पितळी गज आत सोडला. रिकाम्या नळीत गज तळाला टेकला की खणखणीत आवाज येतो. इथे बद्द आवाज आला आणि गज ६८ वर थांबला.

मी पुन्हा माप घेतले. हवालदारांनी घेतले. सात सेंटिमीटरचा फरक कायम राहिला. ते माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "ताई, हिच्यात बार आहे."

पुढच्या दहा मिनिटांत झोळीतले मूल शेजारच्या घरी गेले, बायकामाणसे मागच्या दाराने बाहेर पडली आणि बांधकामासाठी आणलेल्या वाळूच्या गोण्या अंगणात रचून नळीचे तोंड आम्ही त्यांच्याकडे केले. दगड काढला, बाजूचे दोन्ही पेच सैल करून चापाचा सगळा सांगाडा उतरवला. हे चाललेले असताना वाळूजच्या कारखान्यात नोकरी करणारा, चाळिशीतला एक नातू लांब उभा होता. त्याचा चेहरा उतरलेला होता. तो म्हणाला, "आम्ही लहानपणी दिवाळीत खोलीत अंधार करून हिचा घोडा ओढायचो. ठिणग्या पडतात ना, त्या बघायला. एक जण नळीच्या तोंडाशी डोळा लावून बसायचा." त्या पोरांपैकी तिघे आता बापे झाले होते आणि तिघेही त्या दिवशी अंगणात हजर होते.

नळीत पाणी ओतून ते मुरण्यासाठी दोन तास थांबायचे ठरले. तेवढ्या वेळात आबांनी आपल्या आज्याची हकीकत सांगितली. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये झाले. त्याच्या कितीतरी आधी, निजामाच्या राजवटीत, याच डोंगरात वाघ होता आणि तो गोठ्यापर्यंत यायचा. घाटाला ज्याचे नाव आहे त्या जेम्स औट्रमने १८२५ मध्ये खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली, आणि वाघांच्या शिकारीसाठीही त्याचे नाव तिकडे गाजले. तो काळ याच बंदुकांचा होता. पुढे ठिणगीसाठी स्फोटक टोपी वापरणाऱ्या आणि मग काडतुसाच्या बंदुका आल्या, पण टोप्या आणि काडतुसे विकत घ्यावी लागत. गारगोटी मात्र कोणत्याही ओढ्यात मिळे, दारू घरी कुटता येई. म्हणून खेड्यापाड्यांत चकमक बरीच वर्षे टिकली. आबांच्या आज्याकडे हीच एक बंदूक होती. वाघाने बैल मारला की तो त्या मढ्याजवळच्या झाडावर माचण बांधायचा आणि दिवस मावळण्याआधी वर चढून बसायचा.

माचणावरचा तो बसणारा माणूस कोणत्या परिस्थितीत असे, हे मला त्याच्या बंदुकीवरून समजते. चरी असलेल्या नळीत चिंधीत गुंडाळलेली गोळी जोर लावून ठासावी लागते. त्याला शांतपणे जमिनीवर उभे राहूनही अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ जातो. काळोखात, फांदीवर अवघडून बसून तर दुसरा बार भरण्याचा प्रश्नच नसतो. रात्रीच्या दवाने रंजक सादळते, म्हणून प्याल्यावर चामड्याचे झाकण घालून ती जपावी लागते आणि मधूनमधून बदलावी लागते. बार झाला की पांढऱ्या धुराने समोरचे काही दिसत नाही. गोळी लागली की नाही, जनावर पडले की माचणाकडे येत आहे, हे धूर विरेपर्यंत कळत नाही. म्हणून तो पंचवीसएक पावलांवर, जनावराची आडवी बाजू मिळेपर्यंत थांबे. शिकार मला पटत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती थांबली हे योग्यच झाले. पण हातात एकच बार घेऊन रात्रभर न हलता बसणाऱ्या त्या माणसाची तयारी मी हलकी मानू शकत नाही.

आबांच्या सांगण्याप्रमाणे आज्याने एकाच गोळीत वाघ लोळवला होता. त्या झटापटीत त्याच्या डाव्या खांद्यावर पंजा बसला. ते व्रण आबांनी लहानपणी बोट फिरवून पाहिले होते. त्यानंतर आज्या कधी माचणावर चढला नाही. बंदूक मात्र घराचा मान ठरली. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानावर झालेल्या पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी ती बळदात ज्वारीखाली लपवली गेली, पुढे वर आली आणि दरवर्षी खंडेनवमीला तेल, हळद-कुंकू आणि झेंडूची माळ घेत राहिली. मार्च २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्याकडून आलेला वाघ गौताळ्यात कॅमेऱ्यात दिसल्याचे पेपरात वाचले, तेव्हा आबांनी ते कात्रण बंदुकीशेजारी भिंतीला चिकटवले होते.

दोन तासांनी गजाच्या टोकाला पेचाचा खिळा जोडून हवालदारांनी तो अगदी सावकाश, हातानेच फिरवत गोळीत रुतवायला सुरुवात केली. शिसे मऊ असते, खिळा त्यात सहज शिरायला हवा होता, तो शिरेना. पाऊण तासाने गोळी बाहेर आली तेव्हा कारण समजले. तिच्यावर नखाचा ओरखडा उठत नव्हता. शिशात कथील मिसळून ती टणक केलेली होती, कारण मोठ्या जनावराच्या हाडावर शुद्ध शिशाची गोळी चपटी होऊन वरच्यावर राहते. वजन पावणेदोन तोळ्यांहून किंचित जास्त भरले. ही गोळी सशासाठी किंवा हरणासाठी ओतलेली नव्हती.

गोळीभोवतीची चिंधी मी चिमट्याने पांढऱ्या ताटलीत उलगडली. चरबीने माखलेले ते धोतराचे फडके होते आणि त्याच्या एका कडेला बोटभर काठ शिल्लक होता. चरबी पुसल्यावर त्या काठाचा लाल रंग वर आला. आबा खाली वाकून बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

त्याच चरबीने आमचे पाणीही अडवले होते. चिंधीमागची दारू कोरडी निघाली. त्यातली चिमूटभर हवालदारांनी अंगणाच्या मध्यभागी फरशीवर ठेवली, लांब काठीला पेटती उदबत्ती बांधली आणि सर्वांना मागे सरकवून ती टेकवली. 'भस्स' असा आवाज होऊन हातभर ज्वाळा उठली आणि पांढऱ्या धुराचा लोळ पत्र्यापर्यंत गेला. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ही दारू कोरडी राहिली तर तिला वयच नसते. नळीत ती जवळपास १० ग्रॅम होती; एवढ्या व्यासाच्या बंदुकीला नेहमी लागते त्याच्या दीडपट तरी. उरलेली सगळी आम्ही पाण्यात कालवून काढली.

मग माझ्या मनातला मुख्य प्रश्न उरला. दिवाळीतल्या त्या ठिणग्यांनी बार का उडाला नाही? उत्तर नळीच्या कानात होते. भिंगाखाली धरून मी तो लाकडी काडीने थोडा थोडा कोरला. वर तेलात थिजलेले हळद-कुंकू होते, ज्वारीच्या दाण्याएवढ्या जाडीचे, थरावर थर बसून लाखेसारखे कडक झालेले. घरातल्या बायकांनी दरवर्षी भक्तीने लावलेल्या त्या बोटांनी कान बुजवला होता आणि त्यांचीच पोरे वाचवली होती. त्या थराखाली मात्र दुसरा थर होता. तो काळा, खरखरीत होता आणि ओला झाल्यावर त्याला सडक्या अंड्याचा वास आला. जळालेल्या रंजकीची राख अशी वास मारते. प्याल्याच्या तळालाही तिने लोखंड खाल्ल्याचे खड्डे होते.

हवालदारांनी भिंगातून पाहिले आणि मान वर न करता म्हणाले, "रंजक पेटलेली आहे. बार गेलेला नाही."

म्हणजे या नळीतला शेवटचा बार फुसका गेला होता. कुणीतरी मोठ्या जनावरासाठी टणक गोळी आणि दीडपट दारू भरून चाप ओढला होता, डोळ्यांसमोर भडका उडाला होता, आणि गोळी जागची हलली नव्हती. असा फुसका बार झाल्यावर जाणता माणूस कान टोचून पुन्हा रंजक घालतो, नाहीतर घरी येऊन गोळी उपसून काढतो. या बंदुकीच्या मालकाला त्यातले काहीच करता आले नव्हते.

आबा जवळच बसलेले होते आणि त्यांनी सगळे ऐकले होते. थोड्या वेळाने त्यांचा उजवा हात नकळत स्वतःच्या डाव्या खांद्यावर गेला. "आज्यानं त्या वाघाचं कातडं कुठंय म्हणून विचारलं की तो उठून जायचा," एवढेच ते म्हणाले, मग स्वतःची चूक लक्षात येऊन त्यांनी वाक्य सुधारले, "म्हणजे, आम्ही विचारलं की आज्या उठून जायचा." त्यावर मी काही बोलले नाही. अहवालात मी गोळीचे वजन, दारूचे माप आणि कानातल्या दोन थरांचे वर्णन लिहिले. वाघाबद्दल एक शब्दही लिहिला नाही, कारण तो लिहिण्याचा अधिकार त्या घराचा होता.

कायद्याची बाजू मला तिथेच समजावून सांगावी लागली. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुनाट बनावटीच्या किंवा पुरातन मोलाच्या शस्त्रांना सूट आहे; पण ते शस्त्र दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालू नये, अशी त्यात अट आहे. ही बंदूक तर दुरुस्तीशिवाय चालली असती. त्यामुळे ती त्याच दिवशी पंचनामा करून पोलिसांच्या ताब्यात घेणे आणि परवानगीनंतर संग्रहालयात आणणे हाच मार्ग होता. वाड्यावाड्यांतून खंडेनवमीला अशा नळ्या पाटावर मांडल्या जातात आणि त्यांच्यासमोर पोरे बसतात, हे मला माहीत आहे. तेव्हापासून प्रत्येक नवरात्राआधी मी ओळखीच्या घरांना स्वतः फोन करते आणि पोलीस ठाण्याला कळवून आर्मोररकडून तपासणी झाल्याशिवाय नळी पाटावर ठेवू नका, असे सांगते.

जीप दारात लागली तेव्हा आबांच्या सुनेने विचारले की पूजा उद्याची असली, तरी आज एकदा करू द्याल का. हवालदारांनी घड्याळाकडे पाहिले आणि होकार दिला. ओसरीत पाट मांडला गेला. तिने सवयीने कुंकवाचे बोट कानाकडे नेले, तेव्हा मी तिला थांबवून म्हटले, "तिथे नको, दस्त्याला लावा." तिने बोट मागे घेतले आणि करंडा आबांपुढे धरला. आबांनी दस्त्यावर, पितळी तारेच्या वर, एकच बोट ओढले आणि आज्याची गोळी माझ्या ताटलीतून उचलून तळहातावर जोखली. मग ती परत ताटलीत, लाल काठाच्या चिंधीशेजारी ठेवली.