दोन दिवसांचे ताक

गेल्या मंगळवारी दुपारी मी शब्दकोडे सोडवीत बसलो असताना स्वयंपाकघरातून सिंकमध्ये काहीतरी ओतल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एक आंबूस, ओळखीचा वास बाहेरच्या खोलीपर्यंत पोहोचला. काय घडले असावे ते मला खुर्चीतून उठण्यापूर्वीच कळले. ओट्याच्या कोपऱ्यात, तेलाच्या डब्यामागे, रविवार सकाळपासून मी झाकून ठेवलेले पातेलेभर ताक हिने ओतून दिले होते आणि ते पातेले आता घासून पालथे घातलेले होते. "अहो, ताक बाहेरच राहिलं होतं, पार आंबून गेलं होतं," असे तिने मला थोड्या कौतुकाच्या अपेक्षेने सांगितले. ते राहिले नव्हते, ते ठेवले होते; पण हा फरक समजावून सांगायचा तर ते तेलाच्या डब्यामागे का लपवले होते, हेही सांगावे लागले असते.

मला त्या रात्री उकड करायची होती. आई होती तोवर उकड हे तिचे खाते होते. निवृत्तीनंतर ते मी आपल्याकडे घेतले आणि तांदळाच्या पिठीची, आंबट ताकातली, लसणीच्या फोडणीची उकड हा मला येणारा एकमेव पदार्थ आहे. (चहा मी धरत नाही.) उकड झटपट होते, असे सगळेच म्हणतात. पाहुणे न कळवता आले, गावाहून परतायला रात्र झाली, घरात भाजीची काडी नाही, अशा वेळी दहा मिनिटांत घरातल्या पाच-सहा जणांच्या पानांत गरम काहीतरी पडते, हे खरेच आहे. परंतु त्या दहा मिनिटांच्या आधी ताकाला जे दोन दिवस द्यावे लागतात, ते कोणी हिशेबात धरत नाही. ताज्या, गोड्या ताकातली उकड म्हणजे तिखटमीठ घातलेली खळ. ती पतंग चिकटवायला उपयोगी पडेल.

आईने आठवड्याचे बेत आधी ठरवल्याचे मला आठवत नाही. ते ताक ठरवीत असे. "आज रात्री काय?" असे विचारले, की ती ताकाच्या पातेल्यात करंगळीचे टोक बुडवून जिभेला लावी आणि मग उत्तर देई. पहिल्या दिवशीचे ताक पिण्याचे आणि मागच्या भातावर घेण्याचे. दुसऱ्या दिवशी ते जरा चढले, की त्याची कढी, नाहीतर ताकातली चाकवताची पातळ भाजी. आणखी एक रात्र उलटली, की उकड. त्यातूनही उरलेच, तर सणाच्या आधी तांब्या-पितळेची भांडी त्याने घासून निघत आणि समया सोन्यासारख्या दिसू लागत. वाया काही जात नसे. फक्त त्या ताकाचा हुद्दा बदलत जाई.

कढीविषयी मी फारसे बोलणार नाही, कारण तिला राखण लागते आणि माझ्याकडे तेवढा धीर नाही. ताक तापू लागले, की त्यातली प्रथिने आंबटपणामुळे एकमेकांना चिकटून बसू पाहतात. चमचा-दोन चमचे डाळीचे पीठ मध्ये पडून त्यांना दूर ठेवते खरे, पण उकळीची पहिली चाहूल लागताच जो भांडे खाली उतरवणार नाही, त्याच्या वाट्याला चोथापाणी येते. माझ्या दोन्ही कढ्या फुटल्या. तिसरी मी केली नाही.

उकडीचे तसे नाही. ती स्वभावाने उदार आहे. एक वाटी तांदळाची पिठी, दोन वाट्या आंबट ताक, एक वाटी पाणी, मीठ आणि चिमूटभर साखर हे सगळे आधीच गार असताना एकत्र कालवून ठेवावे. जाड बुडाच्या पातेल्यात लोक म्हणतील त्यापेक्षा थोडे जास्त तेल घ्यावे, मोहरी, हिंग, हळद, मिरच्यांचे तुकडे, कढीलिंब आणि आठ-दहा पाकळ्या ठेचलेली लसूण तांबूस होऊ द्यावी आणि मग ते कालवण एका हाताने ओतीत दुसऱ्या हाताने हलवीत राहावे. हलवायला डाव घेऊ नये, लाटणे घ्यावे. हा आईचा नियम होता आणि तिने त्याचे कारण कधी दिले नाही, म्हणून मीही देत नाही. पिठले घट्ट व्हावे तशी उकड पातेल्यापासून सुटू लागली, की झाकण ठेवून एक दणदणीत वाफ आणायची. पानात वाढल्यावर मध्ये खळगा करून त्यात कच्चे तेल घालायचे. तूपही घालतात. ज्यांना घालायचे त्यांनी घालावे, मी त्यांच्याशी भांडत नाही, परंतु त्यांच्या घरी उकड खायलाही जात नाही. बुडाला लागलेली खरवड हा वेगळा विषय आहे. तिच्यावरून आम्हा तिघा भावंडांत जे तंटे झाले, त्यांतला एक अद्याप मिटलेला नाही.

आमच्या घरी दुभते नव्हते, तरी ताक कायम असे. वडील वाईला तालुक्याच्या कचेरीत कारकून होते आणि रतीब होता अर्ध्या लिटरचा, जो चहात आणि धाकट्या बहिणीच्या पेल्यात संपून जाई. तेवढ्या दुधाचे विरजण लावून ताक करणे म्हणजे ओंजळभर पाण्यात पोहायला उतरणे होते. ताक येई ते आळीच्या टोकाच्या मोठ्या वाड्यातून. तिथल्या काकूंच्या दारी दोन म्हशी होत्या आणि दर एक दिवसाआड पहाटे माजघरातल्या खांबाला दोरी लावून त्या मोठ्या रवीने डेरा घुसळीत. थंडीत लोणी गोळा होण्यासाठी त्यात गरम पाण्याचा तांब्या पडे, उन्हाळ्यात गार पाण्याचा. लोणी कढून तूप होई आणि ताक आळीतला जो भांडे घेऊन येईल त्याचे. त्याचे पैसे कोणी देत नसे आणि कोणी घेतही नसे. ताक विकणे ही कल्पनाच आमच्या आळीला ओंगळ वाटली असती.

भांडे घेऊन जाण्याचे काम माझे होते. पितळेची, कडीची चरवी हातात झुलवीत मी जाई आणि भरून आणी. त्यात मला काही वावगे वाटत नव्हते. पुढे १९७३ साली, १९७२ च्या दुष्काळाचे चटके अजून पुरते विझलेले नव्हते त्या दिवसांत, शाळेत आम्हाला म्हणी शिकवायला सुरुवात झाली आणि एका सकाळी फळ्यावर 'ताकाला जाऊन भांडे लपविणे' असे लिहिले गेले. गुरुजींनी अर्थ सांगितला. सगळा वर्ग हसला. मीही हसलो, आणि हसता हसता माझ्या लक्षात आले, की ही म्हण माझ्याविषयी आहे. ताक मागायला जाणे ही लाजण्यासारखी गोष्ट असते, असा तिचा अर्थ मला लागला. मागायला जाऊन आढेवेढे घेणे हसण्यासारखे आहे, एवढेच ती म्हण सांगते, हे कळायला फार वर्षे लागली. ती शिकेपर्यंत मी भांडे कधी लपवले नव्हते.

त्याच संध्याकाळी आईने चरवी हातात दिली. मी वाड्यात गेलो तो हात पाठीमागे बांधून. काकू ओसरीवर तांदूळ निवडीत होत्या.

"काय रे, काय हवंय?"

"काही नाही. सहज आलो."

"सहज? बरं, बस मग."

बसणे शक्य नव्हते, कारण बसलो असतो तर चरवी जमिनीवर टेकून वाजली असती. मी उभाच राहिलो. काकूंनी माझ्याकडे पाहिले, पुन्हा सुपात पाहिले आणि विचारले, "आज शाळेत काय शिकवलं?"

"म्हणी."

"एखादी सांग बघू."

आजवर मला अनेक परीक्षा द्याव्या लागल्या, पण त्या प्रश्नाइतका अवघड प्रश्न मला कोणी विचारलेला नाही. घशाशी एकच म्हण येत होती आणि ती गिळून दुसरी शोधायला मला इतका वेळ लागला, की दावणीची म्हैसही माझ्याकडे पाहू लागली. शेवटी "नाचता येईना अंगण वाकडे" असे मोठ्याने म्हणून मी निघालो. पाठ दाखवता येत नव्हती, म्हणून उलट्या पावलांनी ओसरीच्या दोन पायऱ्या उतरलो, अंगण ओलांडले आणि दिंडी दरवाजाच्या उंबऱ्याला अडखळलो. चरवी हातातून निसटली आणि फरशीवरून घरंगळत, कडी वाजवीत, थेट काकूंच्या दिशेने गेली. मी ती उचलायला थांबलो नाही.

घरी येऊन ताक संपले होते, असे मी सांगितले. चरवी कुठे आहे, या प्रश्नाला मात्र माझ्यापाशी उत्तर तयार नव्हते. दिवेलागणीला वाड्यावरचा गडी ती काठोकाठ भरून घेऊन आला आणि आईला म्हणाला, "काकूंनी सहज पाठवलंय म्हणून सांगितलंय." आईने त्या 'सहज'चा अर्थ विचारला नाही. दोन दिवसांनी त्या ताकाची उकड झाली आणि खरवड मला मिळाली.

पुढे हायस्कुलात 'तक्रं शक्रस्य दुर्लभम्' हे समस्यापूर्तीचे सुभाषित भेटले. जेवणाच्या शेवटी काय प्यावे, जयंत कोणाचा मुलगा, विष्णुपद कसे असते, या तीन प्रश्नांची उत्तरे क्रमाने ताक, इंद्राचा आणि दुर्लभ. आणि ती सलग वाचली, की इंद्रालाही ताक मिळणे दुर्लभ असा अर्थ होतो. वर्गाला त्यातली गंमत शब्दांची वाटली. मला इंद्राची कीव आली, कारण जयंताच्या हाती चरवी देऊन धाडावे असा वाडा अमरावतीत नसणार.

प्रवासाला जातानाही आईचा भरवसा दुधादह्यावरच असे. वाईहून पुण्याला एस. टी.ने निघण्यापूर्वी ती मऊ भात कोमट असतानाच कुसकरी आणि त्यात भरपूर दूध व दही मात्र एकच चमचा घालून डबा बंद करी. दह्यात भात कालवला, तर दुपारपर्यंत तो आंबून जातो. दुधात कालवून चमचाभर विरजण घातले, तर तो वाटेतच लागतो. खंबाटकीच्या वळणांवर डब्यात दूध असे आणि स्वारगेटला झाकण उघडले, की दहीभात. वरची लोणच्याची फोड तेवढी हिंदकळून एका कडेला गेलेली असे. स्वयंपाक करणारीने घर सोडल्यावरही पदार्थ आपला आपण होत राहतो, याचे मला तेव्हा फार नवल वाटे, आजही वाटते.

लग्नानंतर पुण्यात बिऱ्हाड केले आणि पहिल्या दिवाळीला फ्रिज आला. फ्रिजविषयी माझी तक्रार एवढीच आहे, की त्याने ताकाचे वय थांबवले. ४ अंशांवर ठेवलेले ताक सोमवारी जसे, तसेच गुरुवारी. ते वयात येत नाही, म्हणून ते कढीला आले आहे की उकडीला, हे सांगत नाही आणि आज रात्री काय, हा प्रश्न माणसांवर येऊन पडतो. शिवाय पिशवीतल्या टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के. म्हशीच्या दुधात तो ६-७ टक्के असे, तेव्हा साय पोळीसारखी उचलता येई. आताची साय चमच्याला नुसती ओळख दाखवते. तयार ताकाच्या पिशव्याही मी आणून पाहिल्या. त्यांत जिरे असते, पुदिना असतो, आंबटपणा मात्र बेताचा असतो. उकडीसाठी तो वाढवावा म्हणून एक पिशवी दोन दिवस बाहेर ठेवली, तर ती टरारून फुगली, आणि घरात कोणीतरी काहीतरी ठेवून देत असल्याचा हिला पहिला संशय आला तो तेव्हापासून.

मुलगी जर्मनीत, स्टुटगार्टला असते. तिकडे दुकानात 'बुटरमिल्श' नावाने चांगले दाट, आंबट ताक अर्ध्या लिटरच्या डब्यात मिळते आणि आशियाई दुकानात तांदळाची पिठी मिळते. त्यामुळे नातवाला पाळणाघरातून घरी आणल्यावर ती खरोखरच दहा मिनिटांत उकड करते आणि तिघेही जेवतात. "बाबा, ठेवावं वगैरे काही लागत नाही," असे तिने मला फोनवर सांगितले. मी म्हणालो, "छान आहे." म्हणालो खरे, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ मला ते पटले नाही.

हिचे माहेर नागपूरचे. तिकडे ताक म्हणजे कढी-गोळे, आणि ते ती असे करते, की उकडीचा विषयही निघू नये. पण मंगळवारी माझा चेहरा पाहून तिला काहीतरी उमगले असावे. संध्याकाळी मी फिरून आलो तेव्हा घरभर लसणीच्या फोडणीचा वास होता आणि गॅसवर उकडीला वाफ येत होती. ताजे ताक घेऊन त्यात तिने अर्धे लिंबू पिळले होते. मध्ये खळगा केला होता, त्यात कच्चे तेल घातले होते आणि लाटणे धुऊन बाजूला ठेवलेले होते.

मी पहिला घास घेतला. लिंबू लिंबासारखे लागत होते.

"कशी झालीय?" तिने विचारले.

"लसूण छान लागलीय," मी म्हणालो आणि खरवड वाढून घेतली.