तुम्ही विचारलंत म्हणून : अठ्ठ्याहत्तर रेघा

संध्याकाळची अभ्यासिका सुटली की पोरांना न्यायला आलेल्या आया जराशा दारात थांबतात. कुणाचा नवरा अंथरुणाला खिळलेला, कुणाचं काम सुटलेलं, कुणी लेकरं घेऊन माहेरी परतलेली. माझं लहानपण नागपूरच्या याच पाचपावलीतल्या गल्लीत गेलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे कधी ना कधी प्रश्न येतोच : "ताई, तुमच्या घरी बी एवढं झालं होतं. तुम्ही तं लहान होत्या. खचल्या कशा नाही? आमच्या पोरीले काय सांगू?"

दारात उभ्या उभ्या मी काहीतरी बोलते, पण ते पुरत नाही. म्हणून आज सावकाश लिहिते आहे.

आधी हे सांगते की मी खचले होते. फक्त कुणाला दिसलं नाही.

२००५ सालची गोष्ट. मी सहावीत, भाऊ चार वर्षांचा. बाबा इतवारीच्या धान्य बाजारात हमाल होते. क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन ट्रकच्या फळीवरून भराभर चढणारा माणूस. हिवाळ्यात त्यांना खोकला लागला. गव्हाच्या धुळीनं घसा धरला असेल, असं सगळेच म्हणाले. मग संध्याकाळचा ताप येऊ लागला, सदरा अंगावर लोंबायला लागला, आणि मार्चअखेर एका पहाटे न्हाणीत रक्त दिसलं. ते मी पाहिलं. पाहिलं, हे आईला कळलं नाही.

पुढचे दोन-तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. नंतर घरात पैसे नव्हते, कंट्रोलच्या तांदळावर आणि उधारीवर दिवस निघाले, पण ते या आठवड्यांपुढे काहीच नाही. कारण तेव्हा कुणी काही सांगत नव्हतं. बाबांचं ताट-गिलास वेगळं झालं. मी आत आले की बोलणं थांबायचं. "काही नाही, तू अभ्यास कर," एवढंच. आमचे आजोबा गावी खोकून खोकून गेले होते, ते मला माहीत होतं. बाकीचं मी मनानंच जुळवलं : बाबा मरणार आहेत आणि हे लोक लपवून राहिले.

रात्री टिनाच्या छपराखाली मी जागी असायची. बाबा खोकले की भीती वाटायची, आणि बराच वेळ खोकले नाहीत की त्याहून जास्त. मी मनातल्या मनात सौदे करायला लागले. शाळेतून आल्यावर माठातलं पाणी सूर्य बुडेपर्यंत प्यायचं नाही. प्यायले नाही तर बाबा जगतील. नागपूरचा एप्रिल काय असतो ते नागपूरकरांना सांगायला नको. जीभ टाळूला चिकटायची. पण मी नियम मोडला नाही. काही मागायची नाही, भावाशी भांडायची नाही, सांगितलं ते करायची. आणि शेजारपाजारचे आईला म्हणायचे, "पोरगी किती समंजस झाली ना!"

म्हणून कुणी मला कौतुकानं सांगितलं की एवढं झालं पण पोरगी एका शब्दानं बोलत नाही, फार खंबीर आहे, तर मला तिची काळजी वाटते. तिनं काय सौदा केलाय, हे तिला हळूच विचारावंसं वाटतं.

यातून मला ज्यांनी बाहेर काढलं, त्या आमच्या अंगणवाडीच्या बाई.

बाबांची थुंकी तीनदा तपासली, क्षय निघाला आणि सरकारी औषध सुरू झालं. त्या काळी हे औषध आठवड्यातून तीन दिवस असायचं आणि कुणाच्या तरी समोरच घ्यायचं. आमच्या वस्तीत ते देण्याचं काम बाईंकडे होतं. पहिल्या सोमवारी आईला कामावरून सुट्टी मिळाली नाही, म्हणून बाबांसोबत मी गेले. सकाळचे आठ वाजले होते, तरी रस्ता तापलेला. बाईंनी कपाटातून पुठ्ठ्याचा लाल डबा काढला. त्यावर बाबांचं नाव लिहिलेलं होतं.

बाबांनी गोळ्या घेतल्या. एका वेळी सात. ते बाहेर सावलीत बसले आणि बाईंनी मला थांबवलं. "तुला कुणी काही सांगितलं का?" मी मान हलवली. मग त्यांनी तो डबा माझ्यापुढे उघडला.

"हा आजार घाबरण्यासारखा आहे, मी खोटं सांगत नाही. पण याला औषध आहे, आणि तुझ्या बाबांचं सगळं औषध या डब्यात आहे. पहिले दोन महिने २४ डोस, नंतर १८ आठवडे, त्याचे ५४. हा डबा दुसऱ्या कुणाला देत नाहीत. त्यामुळे मधेच संपलं, मिळालं नाही, असं होणार नाही."

मी हातावर बेरीज केली. अठ्ठ्याहत्तर.

"आणि एवढं करून बरे नाही झाले तर?"

बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तर डॉक्टर पुन्हा तपासतील, दुसरं औषध देतील. तसं झालं तर मी तुला येऊन सांगीन. तुझ्यापासून लपवणार नाही."

बाबा नक्की बरे होतील, असं त्या म्हणाल्या असत्या तर मी विश्वास ठेवला नसता. त्या वयात मोठ्यांच्या आवाजातला खोटेपणा लगेच कळतो. लपवणार नाही म्हणाल्या, त्यावर ठेवला. घरी येऊन मी माठातलं पाणी प्यायले, दोन गिलास, भर दुपारी.

त्यांनी मला आणखी एक गोष्ट दिली. मी विचारलं होतं, मी काय करू? बाबांना गोळ्यांची आठवण करू का, मी पण कामाला जाऊ का? त्या म्हणाल्या, "गोळी खाणं बाबांचं काम. खाऊ घालणं माझं. घर चालवणं आईचं. तू रेघा ओढ." किराण्याच्या उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी रेघा ओढायला लागले. सोमवार, बुधवार, शुक्रवार. चार उभ्या आणि पाचवी आडवी.

त्याच वहीचं पुढचं पान आईनं माझ्या हाती दिलं. आईला लिहिता येत नव्हतं. तिनं चार घरची धुणीभांडी धरली होती, प्रत्येकी ३०० रुपये. महिन्याच्या पहिल्या तारखेला ती जमिनीवर नोटा मांडायची आणि मी लिहायची : खोलीचं भाडं, रॉकेल, दुकानदाराचे गेल्या महिन्याचे बाकी. पुरायचं नाही. एकदा मी विचारलं, "तू मले काहून सांगते हे सगळं?" ती म्हणाली, "तुले नाही सांगू तं कोणाले सांगू? अन् लपवून काय पैसे वाढतेत का, बाई?" पण हिशोब झाला की ती वही माझ्याकडून काढून घ्यायची, उशाखाली ठेवायची आणि म्हणायची, "झालं तुझं. आता जाय खेळाले." पुढची चिंता ती स्वतःजवळ ठेवायची. हे किती मोठं होतं ते मला फार उशिरा कळलं.

सगळं सुरळीत झालं, असं नाही. गोळ्यांनी बाबांना मळमळायचं. लघवी लाल-नारिंगी झाली तेव्हा मात्र आम्ही घाबरलो नाही, बाईंनी आधीच सांगितलं होतं की औषधानं तसं होतं. धाकट्यालाही तपासून रोजची एक गोळी सुरू केली. त्याचं एक बरं होतं, दुपारचं अंगणवाडीत पोटभर जेवायचा. शाळा उघडल्यावर वर्गात कुणीतरी घरून ऐकून आलं आणि माझ्या बाकावरची मुलगी दुसरीकडे बसली. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत संसर्गाचा धोका पुष्कळ कमी होतो, हे मला माहीत होतं, पण ते तिला सांगायची हिंमत झाली नाही. मी घरी येऊन रडले. आईनं रडू दिलं, पाठीवर हात ठेवला, पण गप्प हो म्हटलं नाही.

जुलैत तर बाबाच अडून बसले. अंगात थोडी ताकद आली, खोकला थांबला, दोन महिन्यांची तपासणीही चांगली आली, मग कशाला गोळ्या? बाजारात कामाचे दिवस बुडून राहिले. पुष्कळ रोगी इथेच औषध सोडतात आणि मग तोच आजार औषधाला न जुमानणारा होऊन परत येतो. एका शुक्रवारी बाबा बाईंकडे गेले नाहीत. मी वही घेऊन बसले होते, रेघ ओढावी की नाही कळत नव्हतं. तासाभरात बाई स्वतः दारात. उन्हापावसाची छत्री, हातात बाबांच्या गोळ्यांची पट्टी. बाबांशी त्या काय बोलल्या ते आठवत नाही. जाताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ओढ रेघ," एवढंच आठवतं.

त्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला आई आम्हा दोघांना इतवारीत मारबत पाहायला घेऊन गेली. बाहेरच्यांसाठी सांगते : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. वर्षभराची रोगराई त्या पुतळ्यांसोबत शहराबाहेर धाडायची आणि तिथं जाळून टाकायची. गर्दी ओरडत असते : "इडा पिडा, खोकला घेऊन जाय गे मारबत!" माझ्या भावाला कडेवरून एकच शब्द ऐकू आला, खोकला. तो नसा ताणून ओरडला, "आमच्या बाबाचा खोकला घेऊन जाय!" आजूबाजूचे लोक हसले, आईही हसली, आणि कितीतरी महिन्यांनी मीही मोठ्यानं ओरडले. घसा बसेपर्यंत. मारबतीनं क्षय जात नाही, हे तेव्हाही मला माहीत होतं. माझ्या वहीत त्या दिवशी ६० रेघा होत्या, १८ बाकी. पण आमच्या घरातली कुजबुजीची गोष्ट हजारो लोकांत उघड ओरडता आली, त्यानं छाती मोकळी झाली. लेकराला रडू द्यावं तसं ओरडूही द्यावं.

दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी अठ्ठ्याहत्तरावी रेघ ओढली. बाबा बरे झाले. पोती उचलायचं काम मात्र पुन्हा झेपलं नाही. काट्यावर वजन लिहायला बसले, मजुरी कमी मिळू लागली. आजही आहेत.

पुढे समाजकार्य शिकताना मला एमी वर्नर या संशोधक बाईंचं काम वाचायला मिळालं. हवाईमधल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, आजारपण, घरातली भांडणं अशा अनेक अडचणींत जी मुलं वाढली, त्यांतली साधारण एक तृतीयांश पुढे सावरलेली, आत्मविश्वासानं जगणारी, इतरांची काळजी घेणारी माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट अशी, की निदान एक तरी मोठं माणूस त्यांच्यासाठी कायम होतं. आई-बापच असं नाही. आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक, कुणीही. मी ते ग्रंथालयात वाचत होते आणि मला लाल डबा दिसत होता.

तरी त्याच अभ्यासातली उरलेली दोन तृतीयांश मुलं मी विसरू शकत नाही. त्यांच्यात काही कमी होतं, असं मला मुळीच वाटत नाही. म्हणून "दुःखानंच माणूस घडतो" असं कुणी म्हटलं की मला ते सहन होत नाही. त्या वर्षानं मला घडवलं नाही, माझ्याकडून घेतलं. मी चित्रं काढायची, ती सुटली ती सुटलीच. आजही शेजारच्या घरात रात्री कुणी खोकलं की मी उठून बसते आणि पुढच्या खोकल्याची वाट पाहते. मला सावरलं ते माणसांनी, आणि त्यांचं श्रेय दुःखाला द्यायला मी तयार नाही.

तेव्हा पोरीला काय सांगू म्हणता, तर तिला खरं सांगा, तिला झेपेल एवढं. किती दिवस, किती पैसे, किती गोळ्या, जे मोजता येतं ते आकड्यात सांगा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, आणि कळलं की सांगीन म्हणा, मग खरंच सांगा. एखादं छोटं काम द्या, आणि ते झालं की खेळायला पाठवा. खंबीर राहा, असं मात्र सांगू नका.

आणि मदत घ्यायला लाजू नका. आता क्षयाचं औषध रोजचं असतं आणि उपचार चालू असेपर्यंत सकस आहारासाठी रोग्याला सरकारकडून महिन्याला १००० रुपये मिळतात. आई किंवा वडील गेलेल्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २२५० रुपये. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज करायचा. लेकरू संकटात असेल तर १०९८ वर फोन करा. अर्ज भरायला मी आहे, अभ्यासिका सुटल्यावर रोज असते.

सध्या माझ्याकडे पाचवीतली एक मुलगी येते. तिच्या आईला क्षयाचं औषध सुरू आहे. पहिल्या आठवड्यात ती फार शहाण्यासारखी वागायची, पुसलेली पाटी आणून द्यायची, सतरंज्या घडी करायची, कुणाशी बोलायची नाही. एका संध्याकाळी मी तिला जवळ बसवलं आणि आखीव वही दिली. आता डोस १६८ असतात, तिनं पानभर चौकोन आखले. काल आली तीच धावत. "ताई, १२१ राहिले!" मी वही बघेपर्यंत दप्तर तिथंच टाकून ती लंगडी खेळायला पळालीही होती.