पांढरी पाच, किंचित चढी

खोकं उघडलं तेव्हा बायकोचा पहिला प्रश्न होता, "अरे, स्पीकर आहे ना हा? मग लाव की गाणी." दुसरा प्रश्न मला ऐकूच आला नाही. तो किमतीचा होता.

स्पीकर तर तो आहेच. 12 इंची एकच स्पीकर, वर दहाबारा खुंट्या, मागे हेडफोनचं भोक. नाव कटाना, म्हणजे जपानी तलवार. वजन तांदळाच्या दहा किलोच्या पिशवीपेक्षा थोडं जास्त, त्यामुळे तो तिसऱ्या मजल्यावर चढवताना तलवारीपेक्षा ढालच जास्त वाटत होता. कॉलेजात असताना मी गिटारवर चार कॉर्ड शिकलो. पुढची पंचवीस वर्षं ते चारच राहिले. आता पंचेचाळिशीनंतर एक जुनी इलेक्ट्रिक गिटार हाती लागली आणि तिच्यासाठी हा मॉडेलिंग ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, आला. मॉडेलिंग म्हणजे नक्कल. जुन्या, महागड्या, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या ॲम्पचा आवाज कसा होतो त्याचं गणित मांडायचं, ते एका चिपमध्ये भरायचं आणि गिटारचा सिग्नल त्यातून काढायचा. 1996 साली लाइन 6 नावाच्या अमेरिकन कंपनीने असा पहिला डिजिटल ॲम्प बाजारात आणला. दोन वर्षांनी त्यांनीच राजम्याच्या दाण्याच्या आकाराची आणि राजम्याच्याच रंगाची एक डबी काढली. तेव्हापासून वीसतीस ॲम्प पोटात घेऊन एक डबा घराघरांत जाऊ लागला.

पहिल्या संध्याकाळी मी तेच केलं, जे सगळे करतात. आवाजाच्या खुंटीवर अकूस्टिक, क्लीन, क्रंच, लीड आणि ब्राउन असे पाच थांबे आहेत. मी थेट ब्राउनवर गेलो, गेन, म्हणजे आवाज फाडणारी खुंटी, पूर्ण फिरवला, डिले चालू, रिव्हर्ब चालू, आणखी एक कसलासा घुमणारा इफेक्ट चालू, आणि एक तार छेडली. कपाटातल्या स्टीलच्या वाट्या वाजल्या. तार थांबवली तरी आवाज थांबेना, तो स्वतःच स्वतःला ओढत कर्कश होत गेला. दोन मिनिटांत दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे काका होते. रिटायर झालेले बँकवाले, रोज पहाटे इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर रियाज करणारे. म्हणाले, "काही पडलं का?"

या ॲम्पवर एक खटका असतो. ॲम्पची ताकद 50 वॉटवरून अर्ध्या वॉटवर आणणारा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाने सगळ्यात आधी तो शोधावा. मी तो तिसऱ्या दिवशी शोधला.

ब्राउन म्हणजे काय हेही मी नंतरच वाचलं. जाणकार लोक एडी व्हॅन हेलन या अमेरिकन रॉक गिटारवादकाच्या आवाजाला 'ब्राउन साउंड' म्हणतात. या माणसाने आपल्या मार्शल ॲम्पला व्हेरिअॅक, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करणारा डबा, लावून मुद्दाम व्होल्टेज उतरवलं होतं. अर्धपोटी ठेवलेल्या ॲम्पचा आवाज मऊ आणि जाड येतो म्हणे. हे वाचून मला हसू आलं. आमच्या गावी रोज संध्याकाळी सातला व्होल्टेज फुकटात उतरायचं. बल्ब समईसारखा मिणमिणायचा, मिक्सरमध्ये चटणी भरडच राहायची. ब्राउन साउंडची सगळी सोय होती, फक्त ॲम्प नव्हता.

मग या नादाने मागे मागे वाचत गेलो, आणि एक गंमत लक्षात आली. या डब्यात भरलेल्या बहुतेक आवाजांचं मूळ काहीतरी बिघडण्यात आहे. 1958 साली लिंक रे नावाच्या गिटारवादकाने स्पीकरच्या कागदी पडद्याला पेन्सिलीने भोकं पाडली, आवाज फाटका यावा म्हणून. 1961 साली आलेल्या नॅशव्हिलच्या एका रेकॉर्डमध्ये बेस गिटारचा सोलो माशी घोंगावल्यासारखा ऐकू येतो, कारण स्टुडिओच्या मिक्सरचं एक चॅनल नादुरुस्त होतं. सोलो तसाच ठेवला गेला. लोकांनी तो आवाज मागायला सुरुवात केल्यावर त्या रेकॉर्डिंग इंजिनिअरने मुद्दाम बिघडलेला आवाज देणारी एक सर्किटची डबी बनवली. 1962 मध्ये ती पायाने दाबायच्या पेडलच्या रूपात विक्रीला आली, आणि फझ पेडल जन्माला आलं. 1964 मध्ये किंक्स या इंग्लिश बँडच्या डेव्ह डेव्हिसने तर आपल्या छोट्या ॲम्पच्या स्पीकरवर ब्लेडच मारली. आपल्याकडे टेप रेकॉर्डरचा स्पीकर फाटला की बाबा मुलांना ओरडायचे. तिकडे पोरगं स्पीकर फाडून नावारूपाला आलं.

आणि नक्कल तरी कुठे नवी आहे? पश्चिम लंडनमध्ये हॅनवेलला जिम मार्शल हा ड्रमर ड्रमचं दुकान चालवायचा. गिऱ्हाइकांना अमेरिकन फेंडरचे ॲम्प हवे असत, पण ते तिकडून आणायचे म्हणजे महाग. मग 1962 साली त्याने आणि त्याच्या दुकानातल्या मंडळींनी फेंडरच्या बासमनचं सर्किट समोर ठेवून आपला ॲम्प बनवला. सुटे भाग इंग्लंडात मिळतील ते घातले, त्यामुळे आवाज थोडा वेगळा आला. त्या वेगळेपणावर पुढे अख्खं रॉक संगीत उभं राहिलं. म्हणजे माझ्या डब्यातला मार्शलछाप आवाज हा नकलेची नक्कल आहे. पुण्यात बसून मी तिची तिसरी नक्कल करतो. आमच्या घराण्याची परंपरा इतकी जुनी.

नावांचा प्रकार तर फारच आवडला मला. दुसऱ्या कंपनीच्या ॲम्पची नक्कल विकायची, पण तिचं नाव घ्यायचं नाही. फेंडरच्या मस्टँग मालिकेत स्वतःच्या ॲम्पची नावं ठणठणीत घेतलेली आहेत, '59 बासमन, '65 ट्विन वगैरे. परक्यांची पाळी आली की 'ब्रिटिश 60s', 'ब्रिटिश 80s'. समजणाऱ्याने समजून घ्यायचं की पहिला व्हॉक्स या इंग्लिश कंपनीचा आणि दुसरा मार्शल. आमची आजी आजोबांचं नाव अशीच घ्यायची. "ते आपले, समोरच्या ओसरीवरचे." एखादा उखाणा जोडला असता तर शोभून दिसलं असतं.

आता चिपच्या गणितातलं मला जेवढं कळलं तेवढं. व्हॉल्व्हला झेपेल त्यापेक्षा मोठा सिग्नल दिला की तो लाटेची टोकं कापतो, पण कात्रीने कापल्यासारखी नाही, घासून गोलवल्यासारखी. त्या घासण्यातून नवे वरचे स्वर जन्मतात, आणि आपण त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतो. तानपुऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात तेव्हाही कान अशाच वरच्या स्वरांच्या मागे असतो, फक्त रस्ता वेगळा. नकलेतला अवघड भाग हा की हळू वाजवलं तर आवाज स्वच्छ राहिला पाहिजे, आणि जोर दिला की तिथल्या तिथे फाटला पाहिजे. दुसरी गोष्ट स्पीकरची. गिटारचा स्पीकर साधारण 5 हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर पडूच देत नाही. ही चाळणी काढून फाटका आवाज ऐकला तर कानाशी डासांचा थवा आल्यासारखं वाटतं. म्हणून हेडफोन लावला की ॲम्पबरोबर स्पीकरचीही नक्कल लागते, आणि स्पीकरसमोर ठेवलेल्या माइकचीसुद्धा. म्हणजे रात्री अकरा वाजता मी एक नसलेला ॲम्प, नसलेल्या स्पीकरमधून, नसलेल्या माइकसमोर वाजवत असतो. फक्त चूक खरी असते.

इफेक्टमध्ये मी किती आठवडे घालवले ते सांगत नाही. डिले पहिल्यांदा फार मोहात पाडतो. एक सूर वाजवा, तो तीनदा परत येतो, वाटतं आपण किती वाजवतोय. 120 च्या लयीत डिले 375 मिलिसेकंदांवर ठेवला की परत येणारा सूर मात्रेच्या पाऊण घरात पडतो, आणि साध्या टुणटुणीचं विणकाम होतं. पण लय एक केसभर चुकली की तीच चूक तीन वेळा वाजून दाखवतो. आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांसारखा.

ट्रेमोलो आणि व्हायब्रेटोचा घोळ तर लिओ फेंडरने करून ठेवलाय. सूर वरखाली हलतो तो व्हायब्रेटो, आवाज कमीजास्त होतो तो ट्रेमोलो. त्याने गिटारवरच्या सूर हलवणाऱ्या दांड्याला ट्रेमोलो म्हटलं, आणि ॲम्पवरच्या आवाज हलवणाऱ्या चॅनलला व्हायब्रेटो. तेव्हापासून दुरुस्ती कोणी केली नाही. आंदोलन आणि गमक यांची अशी अदलाबदल आपल्याकडे कोणी केली असती तर पुण्यात किमान तीन परिसंवाद झाले असते.

रिव्हर्बवर मात्र माझा जीव आहे. जुन्या ॲम्पमध्ये खरोखरच्या स्प्रिंगा असतात. ही युक्ती मुळात हॅमंड ऑर्गनवाल्यांची, फेंडरने ती 1961 मध्ये गिटारसाठी घेतली. सिग्नल स्प्रिंगमधून थरथरत जातो आणि दुसऱ्या टोकाला ओलसर होऊन निघतो, विहिरीत बोलल्यासारखा. असा ॲम्प चालू असताना कोणी त्याला धक्का दिला तर आत स्प्रिंगा आपटून ढगांचा गडगडाट होतो. माझ्या डब्यातही स्प्रिंग रिव्हर्ब आहे. मी एका दुपारी हळूच लाथ मारून पाहिली. गडगडाट झाला नाही. अंगठा मात्र दोन दिवस खऱ्या वस्तूसारखा दुखला.

आता कोणी विचारलंच, की नवा ॲम्प घेतलाय, सुरुवात कुठून करू, तर मी क्लीन म्हणेन. गेन नवाच्या आसपास, म्हणजे घड्याळातल्या नवाच्या, बाकी तिन्ही टोनच्या खुंट्या बारावर, थोडा रिव्हर्ब, बस्स. त्या आवाजात लपायला जागा नसते, अर्धवट दाबलेली तार लगेच टक्क करते. मला तो टाळायला जमेल तितके दिवस मी टाळला. ते दिवस कसे गेले हे काकांकडून कळलं. जिन्यात भेटल्यावर मी विचारलं, त्रास होत नाही ना आवाजाचा? म्हणाले, "आवाजाचं काही नाही रे. रोज आवाज वेगळा असतो, वाजतं मात्र तेच. पुढचं कधी येणार?"

मागच्या रविवारी काका स्वतःच वर आले, बगलेत तानपुऱ्याचा डबा. त्याचा इवलासा स्पीकर हल्ली खरखरतो, तुझ्या या पेटाऱ्यातून वाजेल का म्हणाले. ऑक्सला, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या भोकाला, वायर जोडली. 12 इंची स्पीकरमधून खर्ज असा काही आला की बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. काका डोळे मिटून बसले. गिटारही जोडलेलीच होती, आणि तारांचा आवाज टिपणाऱ्या तिच्या जुन्या पिकअपमधून घरघर येत होती. विजेची घरघर, 50 हर्ट्झची. ती दाबणारी सोय ॲम्पमध्ये आहे, मी ओशाळून तिकडे वळलो.

"थांब," काका म्हणाले. "हे कुठून वाजतंय?"

"काही नाही काका, लाइटचा आवाज आहे. बंद करतो."

"थांब म्हटलं ना." त्यांनी मान तिरकी केली, तानपुरा क्षणभर थांबवला, ऐकलं. "पांढरी पाच. किंचित चढी आहे."

मी नंतर आकडेमोड करून पाहिली. पेटीवरच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा स्वर, त्याहून जरासा वर. बरोबर होतं. हीच घरघर अमेरिकेत 60 हर्ट्झची असते, काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळणारी. आपली निदान एका पट्टीजवळ तरी आहे.

"बायकांची पट्टी, मला चढेल," काका पुटपुटले, आणि तेवढ्यात डब्यावरची बारीक खुंटी फिरवून त्यांनी तानपुरा त्या घरघरीला लावलासुद्धा. मग माझ्या गिटारकडे बोट दाखवून म्हणाले,

"हं. आता तुझी मिळव."